मुळांभोवतीची वस्ती: सातपुड्याची पिके आणि उपकारक जिवाणू

नागपूरच्या उत्तरेला आणि वायव्येला पसरलेल्या सातपुड्याच्या रांगा, त्यांच्या माथ्यावरचे मेळघाट व चिखलदरा, आणि पायथ्याशी काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या तालुक्यांतून गेलेला संत्र्याचा पट्टा, या प्रदेशाचा बहुतेक भाग एकाच काळ्या दगडाच्या झिजेतून घडलेला आहे. लाव्हारस थंड होऊन बनलेला हा बेसॉल्ट ऊन-पावसाने फुटतो, त्याचा आधी मुरूम होतो आणि मग माती होते. पण ती जिथे तयार होते तिथे टिकत नाही, कारण प्रत्येक पावसाळ्यात तिचा बारीक अंश उताराने खाली जातो आणि माथ्यावर दगडगोट्यांत मिसळलेला पातळ थर तेवढा उरतो. मध्य प्रांताच्या जुन्या जमाबंदीत नागपूरकडच्या जमिनींना काळी, मोरंड, खरडी आणि बरडी अशी उतरत्या प्रतीची नावे होती. डोंगराच्या पायथ्याकडून माथ्याकडे चढत जाणाऱ्याला थोड्याफार फरकाने हीच उतरंड पायाखाली भेटते. माथ्याच्या बरड जमिनीत कोदो, कुटकी, सावा, ज्वारी आणि तूर, मधल्या टप्प्यावर सोयाबीन व हरभरा, चिखलदऱ्याच्या सुमारे ११०० मीटर उंचीवर सावलीतली थोडी कॉफी आणि पायथ्याच्या खोल मातीत संत्रा, अशी पिकांची मांडणी या मातीनेच ठरवून दिली आहे.

डोंगरउतारावरच्या शेतीची अडचण माती पातळ असण्यापुरती नाही. टाकलेल्या खतातला नत्र पाण्यात सहज विरघळतो आणि पहिल्या जोरदार सरीबरोबर ओढ्याला मिळतो. स्फुरद उलट मातीला घट्ट चिकटून बसतो आणि मुळांच्या हाती लागत नाही. शिवाय दहा-बारा दिवसांची उघडीप पडली की वीतभर मातीतली ओल संपते आणि पीक माना टाकते. अशा ठिकाणी खताची गोणी डोक्यावरून चढवणेही खर्चाचे असते. म्हणून जे काम रानभर खत पसरून होत नाही ते मुळाच्या अगदी लगत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांकडून करून घेता येईल का, हा प्रश्न डोंगरी शेतीत सपाट प्रदेशापेक्षा जास्त महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर होकारार्थी आहे, पण ते काही अटींसह आहे, आणि त्या अटी समजून घेतल्याशिवाय जिवाणूंच्या पाकिटावर केलेला खर्च बहुधा मातीत जातो.

मुळांची वेस

वनस्पतीचे मूळ केवळ पाणी आणि क्षार ओढून घेते, हा समज अपुरा आहे. पानांत तयार झालेल्या अन्नाचा लक्षणीय हिस्सा मूळ शर्करा, सेंद्रिय आम्ले आणि अमिनो आम्लांच्या रूपाने सतत बाहेर सोडत असते. या पाझराला मूलस्राव म्हणतात. मुळाभोवतीच्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर मातीत हा स्राव मुरतो आणि तेवढ्याच पट्ट्यात जिवाणूंची अशी दाटी होते की बाजूच्या मोकळ्या मातीशी तुलना केली तर त्यांची संख्या कित्येक पटींनी भरते. १९०४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी या पट्ट्याला ‘ऱ्हायझोस्फिअर’ असे नाव दिले. मराठीत त्याला मूलपरिसर म्हणता येईल, आणि गावाच्या उपमेने बोलायचे तर ती मुळांची वेस आहे, कारण मातीतून झाडात जाणारी प्रत्येक गोष्ट या वेशीतूनच आत जाते.

या वेशीवर राहणारे सगळेच जीव झाडाच्या भल्याचे नसतात. काही रोगकारक असतात, बहुसंख्य आपापले पोट भरणारे असतात, आणि थोडे असे असतात की ज्यांच्या सहवासात झाडाची वाढ स्पष्टपणे सुधारते. या शेवटच्या गटाला ‘वनस्पतींची वाढ वाढवणारे मूलपरिसरीय जिवाणू’ हे लांबलचक नाव १९७८ नंतर, क्लोपर आणि श्रोथ या अमेरिकी संशोधकांच्या कामामुळे रूढ झाले. मात्र या जिवाणूंपैकी एकाची कामगिरी त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी सिद्ध झाली होती: १८८६ मध्ये हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी दाखवून दिले की वाटाण्यासारखी द्विदल पिके हवेतला नत्र वापरू शकतात, पण मुळांवर गाठी असतील तरच, आणि १८८८ मध्ये नेदरलँड्सच्या मार्टिनस बायरिंक यांनी त्या गाठींतला जिवाणू वेगळा करून वाढवला. तूर किंवा हरभऱ्यानंतर जमीन ‘सुधारते’ आणि पुढचे पीक जोमदार येते, या शेतकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवामागचे कारण त्यामुळे प्रथमच डोळ्यांना दिसले.

जिवाणू काय काम करतात

पहिले काम नत्राचे. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्र वायूचा असला तरी त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जोडलेले असतात की झाडाला तो थेट घेता येत नाही. कारखान्यात हा बंध तोडून अमोनिया करण्यासाठी ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शंभर-दोनशे पट दाब लागतो. गाठींत राहणारा रायझोबियम जिवाणू तेच काम नायट्रोजनेज नावाच्या विकराच्या मदतीने साध्या मातीच्या तापमानाला करतो. हा विकर प्राणवायूच्या संपर्कात निकामी होतो, म्हणून झाड गाठीत लेगहिमोग्लोबिन हे रक्तातल्या हिमोग्लोबिनशी नाते सांगणारे प्रथिन तयार करते आणि प्राणवायू मोजूनमापून आत सोडते. सोयाबीनचे चाळीस-पंचेचाळीस दिवसांचे झाड ओल्या मातीतून खुरप्याने अलगद उकरून काढले, मुळे पाण्यात हलवून धुतली आणि त्यावरची एखादी गाठ नखाने चिरली, तर आतला गर गुलाबी किंवा लालसर दिसतो. ती गुलाबी छटा म्हणजे कारखाना चालू असल्याची खूण होय. गर पांढरा, हिरवट किंवा तपकिरी असेल तर गाठ एकतर कोवळी आहे, किंवा निकामी आहे, किंवा तिचे काम संपलेले आहे.

तृणधान्यांच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत. त्यांच्याकडे ॲझोटोबॅक्टर आणि ॲझोस्पिरिलम हे जिवाणू मोकळे किंवा मुळांना लगटून राहतात आणि थोडाबहुत नत्र बांधतात. परंतु ॲझोस्पिरिलमचा मुख्य फायदा नत्राइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वेगळ्या कारणाने होतो, असे आता मानले जाते. तो ऑक्सिन नावाचे वाढसंप्रेरक तयार करतो, त्यामुळे मुळाला जास्त फाटे फुटतात, केशमुळे वाढतात आणि तेच झाड तेवढ्याच मातीतून अधिक पाणी व अन्न उचलू लागते. वीतभर मातीत उभ्या असलेल्या कुटकी किंवा नाचणीसाठी मुळांचा हा पसारा फार मोलाचा असतो. सह्याद्रीच्या वरकस जमिनीत नाचणीची रोपे लावणीपूर्वी ॲझोस्पिरिलमच्या द्रावणात बुडवून घेण्याची शिफारस याच तत्त्वावर आधारलेली आहे.

दुसरे काम स्फुरदाचे. सुपर फॉस्फेटसारख्या खतातून दिलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाला साधारण पाचव्या हिश्श्यापेक्षा फारसे काही मिळत नाही. उरलेला चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमशी आणि तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत लोह व ॲल्युमिनियमशी जखडून जातो. बॅसिलस आणि स्युडोमोनास गटातले काही जिवाणू ग्लुकोनिक आम्लासारखी सेंद्रिय आम्ले सोडून हा बंध सैल करतात. १९४८ मध्ये रशियन संशोधक पिकोव्हस्काया यांनी अविद्राव्य फॉस्फेट घातलेले दुधी रंगाचे पोषकमाध्यम वापरून असे जिवाणू ओळखण्याची रीत घालून दिली: जिथे जिवाणूची वसाहत वाढते तिथे तिच्याभोवती स्वच्छ पारदर्शक कडे पडते, आणि ते कडे जितके रुंद तितका जिवाणू कामाचा, असा अंदाज बांधला जातो.

तिसरे काम संकटकाळातले आहे. पाण्याचा ताण पडला की झाडाच्या मुळांत इथिलीन हा वायूरूप संप्रेरक वाढतो आणि मुळांची वाढ खुंटते. काही जिवाणू इथिलीन ज्यापासून बनते तो कच्चा माल खाऊन टाकतात आणि झाडाला उघडिपीचे दिवस काढायला मदत करतात. चौथे काम रोगापासून राखणीचे: स्युडोमोनास फ्लुओरेसन्ससारखे जिवाणू सिडेरोफोर नावाची लोह पकडून ठेवणारी संयुगे सोडतात, त्यामुळे रोगकारक बुरशीला लोहाचा तुटवडा पडतो, काही जिवाणू प्रतिजैविके तयार करतात, तर काही केवळ जागा आणि अन्न आधी अडवून शत्रूला शिरकाव करू देत नाहीत.

पाहुणा आणि घरचा

ही कामे प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत जितकी चोख होतात तितकी शेतात होत नाहीत, आणि जैविक खतांविषयीचा बहुतेक गोंधळ या फरकातूनच जन्माला येतो. बाहेरून टाकलेला जिवाणू हा त्या मातीत पाहुणा असतो. तिथे आधीपासून नांदणाऱ्या कोट्यवधी जिवाणूंशी त्याला अन्नासाठी झगडावे लागते, त्याला खाणारे आदिजीव टाळावे लागतात, आणि मातीची आम्लता, ऊन व कोरडेपणा सोसावा लागतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची सेंद्रिय आम्ले चुनखडीयुक्त काळ्या मातीत निष्प्रभ ठरू शकतात, कारण या मातीत आम्लता झेलून ती मारून टाकण्याची क्षमता मोठी असते. काचेच्या बशीत रुंद कडे पाडणारा जिवाणू त्यामुळे मातीत हात टेकतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या काळ्या जमिनींना हा निष्कर्ष थेट लागू पडतो, तर वरच्या बरड, कमी चुन्याच्या जमिनीत त्याच जिवाणूला तुलनेने मोकळीक मिळू शकते. एकाच डोंगराच्या माथ्याला आणि पायथ्याला एकच पाकीट लागू पडेल असे नाही, हा त्याचा व्यावहारिक अर्थ आहे.

हिमालयातल्या संशोधनानेही हेच दुसऱ्या बाजूने सांगितले आहे. अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्थेने त्या थंड मातीतूनच कमी तापमानाला काम करणारे जिवाणू शोधून गव्हाच्या रोपांवर वापरून पाहिले, आणि सिक्कीमच्या मातीतून मिळालेल्या स्युडोमोनास कोरुगाटा या जिवाणूचे तिथल्याच मक्यावर प्रयोग झाले; सपाट प्रदेशातली संवर्धने त्या थंडीत सुस्तावतात, म्हणून हा शोध घ्यावा लागला. सातपुड्यात थंडीची नाही तर उन्हाची परीक्षा असते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि उघड्या जमिनीचा वरचा थर त्याहूनही तापतो. म्हणून इथे टिकणारा जिवाणू इथल्याच मातीत शोधणे शहाणपणाचे असते.

यजमान आणि जिवाणू यांची जोडी किती नेमकी असू शकते याचे एक लक्षणीय उदाहरण कोदोच्या गोतातले आहे. ब्राझीलमध्ये काम करणाऱ्या योहाना डोबेरायनर यांनी १९६६ मध्ये पास्पालम नोटाटम या गवताच्या मुळांवर राहणारा नत्र बांधणारा जिवाणू वर्णन केला आणि त्याला ॲझोटोबॅक्टर पास्पाली हे नाव दिले. मातीत इतरत्र तो क्वचितच सापडे. कोदो हे त्याच पास्पालम प्रजातीतले धान्य आहे. त्या गवताचा जिवाणू कोदोला चालेल असे यावरून म्हणता येत नाही, पण मेळघाटात कोरकू शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पेरलेल्या कोदो-कुटकीच्या मुळांवर त्यांचे स्वतःचे सोबती नांदत असणार, आणि ते शोधण्याची जागा तीच शेते आहेत, एवढे मात्र त्यातून सुचते.

जोडी जुळणे सोयाबीनच्या बाबतीत आणखी स्पष्ट दिसते. तूर, मूग, उडीद आणि भुईमूग यांच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू आपल्या जमिनीत मुळातच असतात. सोयाबीन मात्र बाहेरून आलेले पीक आहे आणि त्याला ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम हा वेगळा जिवाणू लागतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत हे पीक विदर्भात पसरले, तेव्हा पहिल्यांदा सोयाबीन घेणाऱ्या शेतात बियाण्याला संवर्धक, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंची भुकटी किंवा द्रावण, लावण्याचा फरक ठळक दिसणे स्वाभाविक होते. जिथे हेच पीक वर्षानुवर्षे घेतले जाते तिथे जिवाणू मातीत रुजलेला असतो आणि फरक कमी दिसतो. हरभऱ्याचा गट पुन्हा निराळा आहे. म्हणून पाकिटावर केवळ ‘रायझोबियम’ लिहिलेले असून भागत नाही, ते कोणत्या पिकासाठी आहे हे पाहावेच लागते.

दाण्यावरचे लाख

केंद्र शासनाने १९८३ मध्ये जैविक खतांचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला, त्याचे मुख्य केंद्र गाझियाबादला होते आणि एक विभागीय केंद्र नागपूरला. पुढे २००६ मध्ये जैविक खते ‘खत नियंत्रण आदेश, १९८५’ च्या कक्षेत आली आणि भुकटीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान ५ कोटी, तर द्रवरूप संवर्धकाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत असे प्रमाण ठरले. हा आकडा मोठा वाटतो, पण दाण्यापाशी पोचेपर्यंत त्याचे काय होते ते हिशेबाने पाहण्यासारखे आहे. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम भुकटी या नेहमीच्या प्रमाणात साडेबाराशे कोटी जिवाणू असतात. सोयाबीनच्या शंभर दाण्यांचे वजन ११-१२ ग्रॅम धरले तर दहा किलोत नव्वद हजारांच्या आसपास दाणे येतात, म्हणजे दर दाण्याच्या वाट्याला एक ते दीड लाख जिवाणू. कुटकीच्या हजार दाण्यांचे वजन जेमतेम दोन-अडीच ग्रॅम असते, म्हणून त्याच प्रमाणात तिच्या दाण्याला अडीच-तीन हजारच मिळतात. त्यामुळे बारीक धान्यांच्या बाबतीत केवळ बीजप्रक्रियेवर न थांबता संवर्धक चाळलेल्या, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पेरणीच्या ओळीत देणे अधिक सयुक्तिक ठरते.

हे आकडेही जिवाणू जिवंत असतील तरच खरे. भुकटी बहुधा लिग्नाइटची असते आणि तिच्यातला ओलावा हाच जिवाणूंचा आधार असतो. पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात उन्हाळाभर पडलेल्या पाकिटात रंग, वास आणि छापील मजकूर तसाच राहतो, मात्र आतली वस्ती मेलेली असू शकते. बीजप्रक्रियेची रीतही याच जिवंतपणाच्या हिशेबाने ठरलेली आहे. लिटरभर पाण्यात गूळ उकळून ते पाणी पूर्ण थंड करायचे, त्यात भुकटी कालवून बियाण्यावर शिंपडायची, साल निघणार नाही अशा हलक्या हाताने चोळायची आणि बियाणे पोत्यावर पसरून सावलीत सुकवायचे. बुरशीनाशक आणि कीटकनाशक लावायचे असेल तर ते आधी, याच क्रमाने, आणि जिवाणू शेवटी. क्रम उलटला तर दिलेले जिवाणू दाण्यावरच मरतात. प्रक्रिया केलेले बियाणे त्याच दिवशी वाफशावर पेरणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

संत्र्याचे आळे

डोंगराच्या पायथ्याशी या विद्येची सर्वांत पद्धतशीर कसोटी संत्र्यावर झाली. नागपूरला १९८५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्र, म्हणजे आजची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, हिच्या संशोधकांनी एकट्यादुकट्या जिवाणूऐवजी संत्र्याच्याच मूलपरिसरातून निवडलेल्या सूक्ष्मजीवांचा संघ बांधला; त्यात ॲझोटोबॅक्टर, स्युडोमोनास फ्लुओरेसन्स, बॅसिलसच्या जाती आणि ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी यांचा समावेश होता. संघ करण्यामागचा विचार असा की नत्र, स्फुरद आणि रोगनियंत्रण ही कामे वेगवेगळ्या जिवांनी वाटून घ्यावीत, आणि घरच्याच मातीतले असल्याने त्यांनी तिथे टिकावे. संत्र्याच्या मुळांना केशमुळे मुळातच विरळ असतात, त्यामुळे हे झाड सूक्ष्मजीवांवर इतर अनेक पिकांहून अधिक अवलंबून असते. चुनखडीच्या जमिनीत लोह न मिळाल्याने पानांवर केवडा पडतो, आणि निचरा खराब असला की फायटोप्थोरामुळे डिंक्या लागतो. जंबेरीच्या खुंटांची रोपे तयार करताना हा रोग टाळण्यासाठी माती उन्हाळ्यात प्लॅस्टिकखाली तापवतात. त्या उष्णतेने रोगकारकाबरोबर उपकारक जीवही घटतात, आणि तशा मोकळ्या झालेल्या मातीत चांगली वस्ती आधी बसवणे सर्वांत सोपे असते.

मात्र आळ्यात जिवाणू ओतले आणि त्याच आठवड्यात ताम्रयुक्त बुरशीनाशकाची आळवणी केली तर केलेले काम तिथल्या तिथे पुसले जाते, कारण तांबे जिवाणूंनाही विषारी असते. त्याहून मोठे कारण भुकेचे आहे. मूलपरिसरातले बहुतेक जिवाणू स्वतःचे अन्न तयार करत नाहीत. त्यांना सेंद्रिय कर्ब लागतो, आणि तो मूलस्रावातून, शेणखतातून, गांडूळखतातून किंवा जमिनीवर राहू दिलेल्या पालापाचोळ्यातून मिळतो. ज्या बरड शेतात धसकटेही जाळली जातात तिथे पाहुण्याला बोलावून उपाशी ठेवल्यासारखे होते. बांधबंदिस्ती, उताराला आडवी पेरणी, तुरीसारखे द्विदल पीक ज्वारी-कुटकीत मिसळून घेणे आणि काडीकचरा जमिनीतच कुजवणे ही कामे जिवाणू संवर्धनाच्या पुस्तकात सहसा येत नाहीत, पण माती आणि तिच्यातली ओल जागेवर राहिली तरच संवर्धनाला अर्थ उरतो.

जमिनी बदलत जातात तशी उत्तरेही बदलतात, आणि त्यासाठी नागपुरातच असलेल्या, १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे नकाशे मातीची खोली, चुना व निचरा यांची मोठी चौकट पुरवतात. पण नकाशावरच्या एका रंगात शेकडो शेते मावतात, म्हणून शेवटची कसोटी शेतातच घ्यावी लागते, आणि ती फार सोपी आहे. पेरणीच्या वेळी चार ओळी संवर्धक न लावता सोडायच्या, बांधावर दगड ठेवून त्यांची खूण करायची, आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दोन्हीकडची पाच-पाच झाडे उकरून मुळे शेजारी शेजारी ठेवायची: गाठी किती, गुलाबी किती, फाटे कुठे जास्त. फरक दिसला तर पुढच्या वर्षी पाकीट घ्यावे. दिसला नाही तर ते पैसे शेणखताकडे वळवावेत.